अठरा विजय आणि एक पराभव : पेट्रियट्सचा २००७चा हंगाम

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये नियमित हंगामाचे सोळाच्या सोळा सामने जिंकणारा संघ आजवर एकच झाला. तो म्हणजे २००७ सालचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स. बोस्टनजवळच्या फॉक्सबरो या गावी घरचे मैदान असलेल्या या संघाने त्या हंगामात विक्रमांची रास उभी केली. बाद फेरीतही दोन सामने जिंकून तो अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलपर्यंत, पोहोचला. आणि तेथे, अवघी ३५ सेकंदे शिल्लक असताना, त्याच्या हातून सारे निसटले. आज हा हंगाम आठवला जातो तो मुख्यतः त्या एका रात्रीमुळे. अठरा विजयांच्या वाट्याला मात्र त्यामानाने फार थोडे शब्द आले आहेत.

हा खेळ भारतीय वाचकाच्या फारसा परिचयाचा नाही. चेंडू बहुतांशी हातात धरून पळायचे किंवा हाताने फेकायचा. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारावी लागते. मारली की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, वर लाथेने एक. लांबून खांबांमध्ये चेंडू मारला तर तीन. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते, आणि ती भिंत फोडून, हातातून चेंडू सुटण्यापूर्वीच त्याला जमिनीवर लोळवणे हे बचाव फळीचे सर्वांत मोलाचे काम. पेट्रियट्सची ही कहाणी अखेर त्या भिंतीपाशीच येऊन थांबते.

२००२ ते २००५ या काळात प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी यांच्या जोडीने तीन सुपर बोल जिंकले होते. मात्र ते संघ बचावाच्या बळावर, थोडक्या फरकाने जिंकणारे होते. जानेवारी २००७ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध उपांत्य सामन्यात २१-३ अशी आघाडी घेऊनही पेट्रियट्स ३४-३८ असे हरले. ब्रॅडीचे पास झेलण्यासाठी अव्वल दर्जाचे खेळाडू नाहीत, हे त्या दिवशी उघड झाले. व्यवस्थापनाने मग हात सैल सोडला. मायामीकडून वेस वेल्कर आला, डॉन्टे स्टॉलवर्थ आला, आणि ओकलंड रेडर्सकडून आला रँडी मॉस. उंच, वेगवान, लहरी म्हणून बदनाम आणि उतरणीला लागल्याचा शिक्का बसलेल्या मॉसच्या बदल्यात पेट्रियट्सने नव्या खेळाडूंच्या निवडीतला केवळ चौथ्या फेरीचा एक हक्क दिला. खेळाडूंच्या बाजारात इतका स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

हंगामाची सुरुवात मात्र डाग लागून झाली. ९ सप्टेंबर २००७ रोजी न्यू यॉर्क जेट्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात पेट्रियट्सचा एक कर्मचारी प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या खुणांचे मैदानाच्या कडेवरून चित्रीकरण करताना पकडला गेला. नियमांनुसार याला मनाई होती. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड केला, शिवाय पुढील वर्षीचा पहिल्या फेरीचा निवडहक्क काढून घेतला. तीन अजिंक्यपदांबद्दलही मग शंका घेतल्या जाऊ लागल्या.

त्याला पेट्रियट्सने मैदानावर दिलेले उत्तर काहीसे निर्दय होते. पहिले आठही सामने त्यांनी किमान सतरा गुणांच्या फरकाने जिंकले. डॅलसला ४८-२७, मायामीला ४९-२८, वॉशिंग्टनला ५२-७. वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या सत्रात ३८-० अशी आघाडी असतानाही चौथ्या प्रयत्नात तीन गुणांची लाथ न मारता त्यांनी पुढे जाणे पसंत केले. सामना जिंकल्यावरही प्रतिस्पर्ध्याला तुडवत राहणे खिलाडूपणाला धरून आहे का, यावर बरीच चर्चा झाली. बेलिचिक यांनी नेहमीप्रमाणे तिला भीक घातली नाही.

सोळा सामन्यांत ५८९ गुण, म्हणजे सामन्यामागे जवळपास ३७. ब्रॅडीचे ५० टचडाउन पास, मॉसने झेललेले २३, वेल्करचे ११२ झेल. यांतील संघाच्या गुणांचा विक्रम आणि ब्रॅडीचा विक्रम पुढे २०१३ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोस आणि पेटन मॅनिंग यांनी मोडला. योगायोग असा की, त्यापूर्वीचा ५५६ गुणांचा विक्रम १९९८च्या मिनेसोटा वायकिंग्जचा होता, आणि त्या संघातही नवखा रँडी मॉस खेळत होता. तो संघ पंधरा सामने जिंकून एकच हरला होता. बाद फेरीत अटलांटाविरुद्ध, हंगामभर एकही किक न चुकलेल्या गॅरी अँडरसनची एक किक बाहेर गेली आणि वायकिंग्ज सुपर बोलपूर्वीच गारद झाले. त्या काळातील दोन सर्वाधिक गुण करणाऱ्या संघांत मॉस होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या हाती करंडक आला नाही.

नोव्हेंबर सरताना मात्र या यंत्राची कुरकुर ऐकू येऊ लागली. फिलाडेल्फिया ईगल्सने, तेही राखीव क्वार्टरबॅक घेऊन, पेट्रियट्सला ३१-२८ पर्यंत झुंजवले. ३ डिसेंबरला बाल्टिमोर रेव्हन्सने तर त्यांना जवळपास हरवलेच होते. अखेरच्या मिनिटांत चौथ्या प्रयत्नात ब्रॅडीला रोखल्याचा जल्लोष बाल्टिमोरमध्ये सुरू झाला, तोच कळले की त्यांच्याच बचाव प्रशिक्षकाने, रेक्स रायन यांनी, क्षणभर आधी टाइमआउट मागितला होता. तो प्रयत्न रद्द ठरला आणि ४४ सेकंदे बाकी असताना पेट्रियट्स २७-२४ असे पुढे गेले. या सामन्यांत एक गोष्ट समान होती. ब्रॅडीला वेळ मिळाला नाही, की हा संघ इतर संघांसारखाच दिसू लागे.

२९ डिसेंबरला नियमित हंगामाचा शेवटचा सामना न्यू यॉर्क जायंट्सशी, त्यांच्याच मैदानावर होता. जायंट्सचा बाद फेरीतील प्रवेश आणि तेथील क्रमांक आधीच नक्की झाला होता. या सामन्याच्या निकालाने त्यांचे काही बिघडणार नव्हते. अशा वेळी प्रमुख खेळाडूंना विश्रांती देण्याची रीत असते. प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी ती मोडली आणि पूर्ण ताकदीचा संघ उतरवला. तिसऱ्या सत्रात जायंट्स २८-१६ असे पुढे होते. अखेर ब्रॅडीच्या ६५ यार्डांच्या पासवर मॉसने टचडाउन केला, दोघांचेही वैयक्तिक विक्रम त्याच एका फेकीत झाले आणि पेट्रियट्सने सामना ३८-३५ असा जिंकला. सोळा-शून्य! पण त्या रात्री जायंट्सच्या ड्रेसिंग रूममध्ये पराभवाची कळा नव्हती. हा संघ हरवता येतो, एवढा विश्वास त्यांनी सोबत नेला.

बाद फेरीत पेट्रियट्सने जॅक्सनव्हिलला ३१-२० असे हरवले. ब्रॅडीचे २८ पैकी २६ पास अचूक गेले. नंतर सॅन डिएगोवर २१-१२ असा विजय मिळाला, पण ब्रॅडीचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात संरक्षक बूट असल्याची छायाचित्रे झळकली आणि त्याच्या घोट्याची बातमी देशभर झाली. तिकडे जायंट्स टॅम्पा, डॅलस आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीत ग्रीन बे असे तीन परक्या मैदानांवरचे सामने जिंकून आले होते.

अंतिम सामन्यापूर्वी सट्टेबाजांनी पेट्रियट्सना बारा गुणांनी वरचढ ठरवले होते. ‘१९-०’ हे आकडे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी संघाने आधीच अर्जही केला होता. जायंट्सचा प्लॅक्सिको बरेस याने आपला संघ २३-१७ असा जिंकेल असे भाकीत केले, तेव्हा ब्रॅडीला हसू आले. आम्ही फक्त सतराच गुण करणार का, असा त्याचा प्रतिप्रश्न होता. केले चौदा.

ही लढत समजण्यासाठी सतरा वर्षे मागे जावे लागते. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये बफेलो बिल्सचे आक्रमण असेच धडकी भरवणारे होते. त्यांच्याविरुद्ध जायंट्सने चेंडू आपल्याकडे शक्य तितका जास्त वेळ ठेवला. साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटांहून अधिक काळ तो त्यांच्याच ताब्यात होता. त्यांची एक चढाई ९ मिनिटे २९ सेकंदे चालली आणि सामना त्यांनी २०-१९ असा जिंकला. त्या जायंट्सच्या बचावाची आखणी बिल बेलिचिक यांनी केली होती. तो आराखडा आज या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जपून ठेवला आहे. त्याच प्रशिक्षकवर्गात टॉम कॉफलिनही होते.

३ फेब्रुवारी २००८ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे कॉफलिन यांच्या जायंट्सने पहिलीच चढाई ९ मिनिटे ५९ सेकंदे चालवली. १९९१ चा तो विक्रम मोडला गेला. या चढाईतून गुण मिळाले तीनच, पण पहिल्या सत्राची दहा मिनिटे ब्रॅडीने कडेला बसून काढली. तो मैदानात आला तेव्हा मायकेल स्ट्राहन, ओसी उमेन्योरा आणि जस्टिन टक यांनी त्याला श्वास घेऊ दिला नाही. बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी बहुतेक वेळा चौघांनाच पुढे पाठवून ही कामगिरी साधली, त्यामुळे उरलेले सात जण मॉस आणि वेल्कर यांच्यावर पहारा ठेवायला मोकळे राहिले. सबंध नियमित हंगामात २१ वेळा खाली पाडला गेलेला ब्रॅडी या एका सामन्यात पाच वेळा पडला.

तिसऱ्या सत्रात ७-३ अशी आघाडी असताना पेट्रियट्स जायंट्सच्या ३१ यार्डांच्या रेषेपर्यंत पोहोचले. चौथा प्रयत्न, आणि हवी होती तेरा यार्डांची मजल. ४९ यार्डांवरून किक मारून तीन गुण मिळवण्याचा प्रयत्न करता आला असता. बेलिचिक यांनी पास फेकायला लावला. तो वाया गेला. सामना अखेर तीनच गुणांनी गेला, हे लक्षात घेता या निर्णयाची उजळणी आजही होते. मात्र किक लागलीच असती असेही नाही, आणि वर्षभर याच धाडसाने गुणांचा पाऊस पाडला होता.

चौथ्या सत्रात डेव्हिड टायरीच्या टचडाउनने जायंट्स १०-७ असे पुढे गेले. २ मिनिटे ४२ सेकंदे बाकी असताना ब्रॅडीने मॉसला पास दिला आणि पेट्रियट्स १४-१० झाले. इतिहास लिहिला गेला असेच सर्वांना वाटले. जायंट्सचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग स्वतःच्या १७ यार्डांच्या रेषेपासून निघाला. चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, तो कसाबसा मिळाला. त्यानंतरचा एक उंच गेलेला पास पेट्रियट्सच्या असांटे सॅम्युएलच्या बोटांना लागून सुटला. तो हाती राहिला असता तर या लेखाचा विषयच वेगळा असता.

मग सव्वा मिनिट उरलेले असताना तो प्रसंग घडला. दोन बचावपटूंनी मॅनिंगची जर्सी मुठीत पकडली होती; तो पडला असेच सारे धरून चालले. तो कसा निसटला हे चित्रफीत पाहूनही नीट कळत नाही. त्याने मैदानाच्या मध्यभागी चेंडू भिरकावला. टायरीने उडी घेतली आणि रॉडनी हॅरिसन त्याच्या हाताला झोंबत असताना चेंडू एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. जमिनीवर आदळेपर्यंत तो सुटला नाही. बत्तीस यार्ड. त्या नियमित हंगामात केवळ चार झेल घेणाऱ्या टायरीचा लीगमधील हा शेवटचा झेल ठरला. थोड्याच वेळात बरेसने १३ यार्डांचा पास टचडाउनमध्ये झेलला. १७-१४. उरलेल्या सेकंदांत ब्रॅडी आणखी एकदा पाडला गेला आणि मॉसकडे लांबवर फेकलेले दोन पास वाया गेले. घड्याळात एक सेकंद असतानाच बेलिचिक मैदान सोडून आत निघाले.

पेट्रियट्सच्या ताफ्यात त्या रात्री ३९ वर्षांचा ज्युनियर सीओही होता. १९९० पासून लीगमध्ये खेळणारा हा महान बचावपटू १९९५ मध्ये सॅन डिएगोकडून एक सुपर बोल हरला होता. दुसऱ्या संधीची त्याने तेरा वर्षे वाट पाहिली. तिसरी त्याला मिळाली नाही.

असा पराभव या खेळाला नवा नव्हता. १९३४ मध्ये शिकागो बेअर्सनी तेराही सामने जिंकले आणि बर्फाळ मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात ते न्यू यॉर्क जायंट्सकडूनच हरले. पाय घसरू नयेत म्हणून जायंट्सनी मध्यंतरानंतर उसने आणलेले रबरी बूट घातले होते. १९६८ मध्ये तेरा सामने जिंकणाऱ्या बाल्टिमोर कोल्ट्सना जेट्सने १६-७ असे धूळ चारली. त्या कोल्ट्सचे प्रशिक्षक होते डॉन शुला. चारच वर्षांनी शुला यांच्याच मायामी डॉल्फिन्सनी सतराच्या सतरा सामने जिंकून दाखवले. अंतिम विजयापर्यंत अपराजित राहण्याचा तो पराक्रम सुपर बोलच्या काळात अजूनही एकटाच आहे. बास्केटबॉल वा बेसबॉलप्रमाणे येथे अंतिम फेरीत सात सामन्यांची मालिका नसते. एक वाईट संध्याकाळ पुसून काढायला दुसरी संध्याकाळ मिळत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ब्रॅडीचा गुडघा जायबंदी झाला आणि तो वर्षभर बाहेर बसला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पुन्हा सुपर बोल, पुन्हा जायंट्स, पुन्हा इलाय मॅनिंग. पेट्रियट्स २१-१७ असे हरले. त्यानंतर २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये त्यांनी आणखी तीन अजिंक्यपदे मिळवली. ब्रॅडीने २०२० मध्ये, तर बेलिचिक यांनी २०२४ मध्ये संघ सोडला. या जोडीने जिंकलेल्या सहाही अजिंक्यपदांच्या हंगामांत पेट्रियट्सचा संघ किमान दोन सामने हरलेला होता.