कोटाचे माप

यंदाच्या डिसेंबरात मला लंडनला जायचे आहे. नातीचा पदवीदान समारंभ आहे. 'आजोबा, इथली थंडी तुम्हाला सोसणार नाही. चांगला ओव्हरकोट शिवून घ्या. तयार कोट घेऊ नका, तुमच्या खांद्यांना तो बसत नाही,' असे तिने बजावले. म्हणून मी आमच्या गावातल्या जुन्या शिंप्याकडे गेलो. मास्तरांनी लोकरी कापडाचे चार-पाच तागे माझ्यापुढे उलगडले आणि विचारले, 'सर, कुठला रंग घ्यायचा?'

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला हा प्रश्न साधा वाटायला हवा होता. मला तो साधा वाटला नाही. माझ्या आजोबांना हा प्रश्न उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. राजेरजवाडे, तह, लढाया शिकवल्या. पण माणसाने अंगावर काय घालावे हे कोणी ठरवायचे, हाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, हे त्या दुकानात उभे असताना मला नव्याने जाणवले. तो इतिहास येथे मांडून पाहतो.

1917 साली इंग्रजांनी 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडली. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या जुन्या सैनिकांनी त्याविरुद्ध अर्ज केले होते. महायुद्धाला माणसे कमी पडली तेव्हा दार उघडले, गरज सरल्यावर पुन्हा लावले. माझे आजोबा त्या पलटणीत होते. घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एक खाकी गरमकोट होता. पहिल्याच दिवशी गावाने निरोप धाडला, 'चावडीपुढून जायचं तर कोट काढून जायचं.' पलटणीतल्या शिपायाला गावात पुन्हा येसकराचे काम आणि येसकराचे घोंगडे मिळाले. रात्री गस्त घालताना, गाव झोपल्यावर, आजोबा तो कोट घालत. आजीने पुढे त्याची वाकळ केली. मी त्या वाकळेवर वाढलो.

हा एका गावाचा दुष्टपणा होता असे कोणी म्हणेल. तसे नाही. त्यामागे लिखित विधान आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावे हे सांगितले आहे: त्यांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. आमच्या गावगाड्यात मयताच्या अंगावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. हक्क या शब्दाची एवढी विटंबना क्वचितच झाली असेल! ज्याला नवे कापड घेण्याची मुभा नाही त्याला प्रेताचे कापड द्यायचे आणि त्यालाच मान म्हणायचे!

पुरावे विसाव्या शतकातलेही आहेत. 1928 साली इंदूर भागातील सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना जे हुकूम दिले ते बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त नोंदवले आहेत. त्यात जरीकाठी पागोटे बांधायचे नाही आणि रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, असे होते. डिसेंबर 1930 मध्ये तमिळ मुलखातील रामनाद येथे कल्लर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधने घातली. पुरुषांनी गुडघ्याखाली आणि कमरेवर वस्त्र घालायचे नाही. कोट, सदरा, बनियन घालायचा नाही. छत्री आणि वहाणा वापरायच्या नाहीत. बायकांनी उरावर वस्त्र घ्यायचे नाही. 1931 च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी ही यादी आपल्या ग्रंथात दिली आहे. त्या यादीत 'कोट' हा शब्द स्पष्ट आहे. कोट घालणे हा गुन्हा होता!

इंग्लंडातही असे कायदे होते. 1363 साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे याचा कायदा झाला. पण 1604 मध्ये तेथे हे कायदे रद्द झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात चेस्टरफील्ड नावाचा साधा, गडद रंगाचा ओव्हरकोट रूढ झाला आणि मालक व कारकून दोघेही वरून जवळजवळ सारखे दिसू लागले. फरक उरला तो कापडाच्या पोताचा आणि शिलाईचा, म्हणजेच पैशाचा. तेथे विषमता संपली असे मी म्हणत नाही. कार्ल मार्क्सचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी 1852 मध्ये लंडनमध्ये त्याचे कोट गहाण पडले होते आणि त्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, असे त्याने एंगल्सला कळवले होते. त्याच मार्क्सने 1867 च्या 'भांडवला'त मूल्याचे कोडे उलगडताना 20 वार तागाचे कापड बरोबर 1 कोट हे समीकरण मांडले. कोट म्हणजे काय हे त्याला अंगावरून कळले होते. पण आपल्याला एक फरक विसरता येणार नाही. मार्क्सचा कोट सावकाराने घेतला, तो पैसे भरून सोडवता येत होता. माझ्या आजोबांचा कोट जातीने काढला. तो कोणत्या दुकानात सोडवायचा?

माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. तेही कापडच तयार करीत, पण रिंग खात्यात. साचाखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार मात्र साचाखात्यातच जास्त होता. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणजे सूत आम्ही काढावे, विणावे दुसऱ्याने आणि अंगावर घालावे तिसऱ्याने! वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनी ही जात डोळ्यांआड केली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या कोटाकडे पाहावे लागते. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, 1916 मध्ये लंडनला. 1920 मध्ये पुन्हा लंडनला जाऊन 1923 मध्ये परतले. तेथल्या हिवाळ्यात कोट ही चैन नव्हती. परंतु मायदेशी परतल्यावरही त्यांनी तो उतरवला नाही. आमचे काही मित्र यावर आक्षेप घेतात. 'गांधीजींनी 1921 साली मदुराईत पंचा स्वीकारला आणि 1931 साली त्याच वेषात ते गोलमेज परिषदेला गेले. ते गरिबांशी एकरूप झाले. आंबेडकर मात्र साहेबी वेषात राहिले,' असे त्यांचे म्हणणे. गांधीजींच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. परंतु त्याग करायला आधी मालकी लागते. बॅरिस्टरचा कोट उतरवणे हा त्याग आहे. ज्याच्या अंगावरचा कोट गाव उतरवते त्याने उघडे राहणे याला त्याग म्हणत नाहीत, त्याला आज्ञापालन म्हणतात.

मग जोतीराव फुल्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. 1888 साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले होते. ते तर कंत्राटे घेणारे, चांगले कपडे परवडणारे गृहस्थ होते. माझ्या मते या दोन कृतींत विरोध नाही. दिव्यांच्या झगमगाटात जो शेतकरी लपवला जात होता तो जोतीरावांनी राजपुत्रासमोर उभा केला. ज्याला कायम लक्तरातच पाहण्याची सवर्ण डोळ्याला सवय होती तो माणूस बाबासाहेबांनी कोटात उभा केला. दोघांनीही एकच गोष्ट नाकारली. आम्ही काय घालावे हे तुम्ही ठरवणार नाही!

कोटाने जात जाते, असा भ्रम मात्र बाबासाहेबांना कधीच नव्हता. तो त्यांच्या बालपणीच फिटला होता. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, भरजरी टोप्या, नवी पादत्राणे आणि रेशीमकाठी धोतरे घालून मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. पोशाखावरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली. 'आम्ही महार' हे शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. तेव्हा कोणत्या कोटाने त्यांचे रक्षण केले?

मग कोट कशासाठी? माझे उत्तर असे आहे. मसूरच्या फलाटावर मुलांचे अंग तेच होते, कपडे तेच होते, बोलणेही तेच होते. बदलला तो एक शब्द. अस्पृश्यता घाणीमुळे आहे, अडाणीपणामुळे आहे, ही सनातन्यांची सबब त्या स्वच्छ कपड्यांनी उघडी पाडली. कोट जात घालवत नाही, पण जातीचे खोटेपण झाकूही देत नाही. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडायला आणि जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाकायला सांगितले. ग्रंथ जाळणे आणि लुगडे बदलणे ही एकाच लढ्याची दोन कलमे होती.

हा लढा संपलेला नाही. 2023 साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातल्यावरून मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. घटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याला तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती.

इथवर लिहून थांबलो असतो तर निबंध सोयीचा झाला असता. पण एक गैरसोयीची गोष्ट उरते. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला अशी खंत व्यक्त केली. तो शिकलेला माणूस कोण? कोट घातलेला मी. नोकरी लागली, वसाहतीत घर झाले, आणि वस्तीत जाणे जयंतीपुरते उरले. मयतीलासुद्धा मी इस्त्रीचे कपडे सांभाळत उभा राहिलो आहे. ज्या कोटाने आजोबांना गावापुढे ताठ उभे राहता येणार होते, तोच कोट माझ्या आणि माझ्या भावकीच्या मध्ये पडदा झाला असेल, तर चावडीने जे साधले नाही ते मीच साधून दिले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट आणि टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे. त्या दोन वस्तू जवळजवळच पाहाव्यात. यंत्राशिवाय कोट घालणाऱ्यांची आपल्यात आता वाण नाही.

मास्तर खोळंबले होते. ते आपल्या कामात पक्के. म्हणाले, 'सर, ओव्हरकोट आतल्या कोटावर घालायचा, म्हणून माप कोट घालूनच द्या. बाही, उंची मागाहून कमी-जास्त करता येते, खांदा नाही. खांदा चुकला की कोट गेला. लांबी गुडघ्यापर्यंत ठेवू. आतला कॅनव्हास शिवलेला घालतो, चिकटवलेल्याला पुढे फुगे येतात.' दोन ओळींच्या बटणांचा रुबाबदार नमुना त्यांनी दाखवला आणि लगेच सांगितले, 'हा उघडा टाकला की लोंबतो. तुम्हाला एका ओळीचा बरा. सभेला चालेल, लग्नाला चालेल, प्रवासाला चालेल.'

मी एका ओळीचा सांगितला. कापड अस्सल लोकरीचे, पोत घट्ट. रंग गडद निळा. आतल्या बाजूला पुस्तक मावेल एवढा खिसा मुद्दाम मागितला. मास्तरांनी खांद्यावर फीत टेकवली आणि म्हणाले, 'सर, जरा ताठ उभे राहा. वाकून दिलेलं माप चुकतं.'

मी ताठ उभा राहिलो. ट्रायल पुढच्या रविवारी आहे. कोट हातात आला की लंडनच्या आधी तो घालून गावी जाणार आहे. दिवसाउजेडी, चावडीपुढून जाईन. पण तेथून पुढे वस्तीत जाईन आणि तेथेच दोन दिवस राहीन. तेवढे केल्याखेरीज हा कोट माझ्या मापाचा झाला असे मला म्हणता येणार नाही.