तोरण्याचा खजिना आणि काबूलचा खर्च

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली लागते. तोरणा इथे पाठीशी राहतो, पुढे केळद, मग मढे घाट आणि घाटाखाली कोकण. पावसाळ्यात या भागात आलेल्या माणसाला पाण्याचं दुर्भिक्ष म्हणजे काय ते सांगूनही पटणार नाही. भाताची खाचरं तुडुंब भरलेली, कड्याकड्यावरून धबधबे. तोच माणूस मे महिन्यात आला तर डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बाया त्याला दिसतात. आभाळातून इतकं पाणी पडतं, ते जातं कुठे? हा भूगोलाचा प्रश्न आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जुने अहवाल आणि अंदाजपत्रकं चाळता चाळता लक्षात आलं की तो हिशेबाचाही प्रश्न आहे. सरकारी तिजोरीतला रुपया आधी कुठे जातो, याचा.

तोरण्याबद्दलची एक गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. शिवाजीराजांनी गड घेतला, डागडुजी करताना गुप्तधन सापडलं आणि ते धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यात खर्ची पडलं. गोष्टीत दंतकथेचा भाग किती, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला तिचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटतं. इथल्या लोकस्मृतीने राजाला ओळखलं ते त्याला धन मिळालं म्हणून नाही, ते कुठे लावलं म्हणून. ज्या डोंगरात सापडलं, त्याच्याच शेजारच्या डोंगरावर लावलं. राज्यकारभाराची ही एवढी साधी कसोटी मनात धरून आपण सव्वादोनशे वर्षं पुढे, १८७६ सालात येऊ.

त्या साली दख्खनमध्ये पाऊस गेला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, विजापूर इथे खरीप बुडाला, रब्बीही हाती लागली नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण खर्चाला आळा घालायला आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य पदरात पडावं. १८७७ च्या आरंभी आपल्याकडच्या मजुरांनी कामंच सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सभेची माणसं गावोगाव माहिती गोळा करत होती आणि ती सरकारपुढे मांडत होती. आकड्यांनी भांडण्याची जी परंपरा पुण्यात रुजली, तिची मुळं या दुष्काळात आहेत.

दुष्काळ ओसरल्यावर सरकारलाही कळलं की हे पुन्हा होणार. व्हाइसरॉय लिटन आणि अर्थखात्याचे सर जॉन स्ट्रॅची यांनी एक योजना आणली. दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढायचे, त्यातून कालवे आणि रेल्वे बांधायची, कर्ज हलकं करायचं, म्हणजे पुढचा दुष्काळ आला तर हात रिकामे नसतील. दुष्काळविम्याची तजवीज म्हणून ती ओळखली जाते. पैसा उभा करायला १८७८ मध्ये नवे कर बसले. आपल्या इलाख्यात धंदेवाल्यांवर परवाना कर आला. त्याविरुद्ध त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरतेत दंगा झाला. हा पैसा दुष्काळासाठीच राहील, असं आश्वासन लिटन यांनी जाहीरपणे दिलं होतं. लोकांनी कर भरला तो या शब्दावर.

नोव्हेंबर १८७८ मध्ये लिटन यांच्याच सरकारने अफगाणिस्तानवर फौजा धाडल्या.

इथे एक कायदा आडवा यायला हवा होता. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं तेव्हा १८५८ च्या कायद्यात ५५ वं कलम घातलं गेलं होतं. प्रत्यक्ष आक्रमण थोपवायचं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लढाईवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्चायचा नाही, असं ते कलम होतं. तिजोरीला कुलूप होतं, पण किल्ली लंडनला होती. डिसेंबर १८७८ मध्ये संमतीचा ठराव आला. हेन्री फॉसेट उभे राहिले. केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, तरुणपणीच दृष्टी गमावलेले. हिंदुस्थानचा सभासद म्हणून पार्लमेंटात त्यांची ख्याती होती. साम्राज्याच्या धोरणाची लढाई असेल तर साम्राज्याने पैसे द्यावेत, हिंदुस्थानी रयतेने का, असा त्यांचा सवाल. मतदान झालं, फॉसेट हरले. सुरतेच्या परवानाधारकाला किंवा इंदापूरच्या कुणब्याला त्या सभागृहात मत नव्हतं.

पुढे जे झालं त्यात कपट किती आणि गलथानपणा किती, हे वेगळं करणं अवघड आहे. लष्करी हिशेबखातं तपासून मंजूर झालेल्या पावत्यांवरून खर्च मोजत होतं. सरहद्दीवरच्या खजिन्यांतून मात्र रोकड त्याआधीच निघून गेलेली असायची. उंट हजारोंनी मरत होते, नवे विकत घ्यावे लागत होते, रसद महाग होत होती. १८८० मध्ये लिटन परत जाता जाता उघड झालं की अंदाज कोट्यवधी रुपयांनी चुकला आहे. ब्रिटिश तिजोरीने शेवटी ५० लाख पौंड दिले. उरलेला, म्हणजे मोठा वाटा, हिंदुस्थानच्या माथी राहिला. दरम्यान दुष्काळविम्याची तजवीज थांबली होती. रुपयाचा भाव उतरल्याने झालेला तोटा आणि लढाईचा खर्च यांत ती शिल्लक विरून गेली. रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८१-८२ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली.

लढाईचा हिशेब नुसता पैशाचा नव्हता. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद इथे अयूबखानाने इंग्रजी ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्या ब्रिगेडमध्ये मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. पहिली ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स आणि मुंबईच्या सॅपर्सची तुकडी. एका दिवसात सुमारे हजार माणसं पडली. पैसा आपला आणि माणसंही आपली, असं आज म्हणताना जरा थांबावं लागतं, कारण ती माणसं पगारी शिपाई होती आणि पगार ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पण लढाई कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. तोरण्याभोवतीचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात, पंतसचिवांच्या प्रचंडगड तालुक्यात होता. दुष्काळावरचा उपाय म्हणून ज्या योजनेकडे सरकार पाहत होतं तिची जागा याच संस्थानात होती. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण, खाली वीरला बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जाणारा नीरेचा डावा कालवा. १८८० च्या दशकात हे काम उभं राहिलं. अभियंता व्हायटिंग यांचं नाव जलाशयाला मिळालं.

हे नीट नोंदवलं पाहिजे, कारण आपली बाजू मांडताना सोयीचं तेवढंच सांगण्याचा मोह होतो. लढाईने कालवा बुडवला, असं मला म्हणता येणार नाही. कालवा झाला, आणि पुढे त्यावर बारामतीचा ऊस आणि वालचंदनगर उभं राहिलं. पण असे कालवे किती झाले, हा प्रश्न उरतोच. गणेश व्यंकटेश जोशी यांनी तो विचारला. सरकारी हायस्कुलांतून शिकवणारा हा माणूस. नोकरीमुळे स्वतःच्या नावाने लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात बिननावाने लिहीत असे. रेल्वेवर किती, पाटबंधाऱ्यांवर किती, लष्करावर किती, अशी अंदाजपत्रकं त्यांनी उलगडून ठेवली. विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला जोशी हे फार जवळचे वाटतात.

१८८५ मध्ये हीच कथा पुन्हा घडली. पंजदेहवरून रशियाशी युद्ध पेटणार अशी आवई उठली आणि फौजेत ३०,००० माणसं वाढवायचं ठरलं. नोव्हेंबरात ब्रह्मदेशावर स्वारी झाली. पदच्युत थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहताना आपण त्या राजाची शोकांतिका आठवतो. त्या स्वारीचा खर्चही हिंदुस्थानी रयतेने सोसला हे आठवत नाही. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला आणि दुष्काळविम्याच्या रकमेला पुन्हा कात्री लागली. डिसेंबर १८८५ मध्ये राष्ट्रसभेची पहिली बैठक व्हायची होती पुण्यात, पटकीच्या साथीमुळे ती मुंबईला गेली. त्या पहिल्याच बैठकीत वाढत्या लष्करी खर्चाविरुद्ध आणि ब्रह्मदेश जोडून घेण्याविरुद्ध ठराव झाले.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. रशिया मध्य आशियात एकेक खानत गिळत पुढे येत होता, हे खोटं नव्हतं. सरहद्द राखणं हे कोणत्याही सरकारचं काम आहे, आणि राखलेल्या सरहद्दीच्या आतच कालवे टिकतात. तोरणा आणि राजगडही शेवटी लष्करीच बांधकामं होती. संरक्षणावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, असं जोशींनी किंवा गोखल्यांनीही म्हटलं नाही. एप्रिल १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले साक्ष द्यायला बसले तेव्हा ते अवघ्या तिशीचे होते. साक्षीची तयारी रानडे आणि जोशी यांच्या मदतीने झालेली. त्यांचा रोख खर्चापेक्षा खर्च ठरवण्याच्या पद्धतीवर होता. ज्यांच्या खिशातून पैसा जातो त्यांना बोलायला जागा नसेल, तर लांबची लढाई नेहमीच तातडीची ठरते आणि जवळचा कालवा नेहमीच पुढच्या वर्षावर जातो. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलायची मुभा मिळाली होती, मत द्यायची नाही. गोखले मुंबईला परतले ते प्लेगच्या धामधुमीत. दोन वर्षांनी पुन्हा महादुष्काळ पडला.

१९१३ मध्ये भाटघरला जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला मोठं धरण बांधायला घेतलं. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंड देऊ केले. नवं लॉइड धरण १९२८ मध्ये पुरं झालं. पुणे, सातारा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत. गावातून इतकी माणसं लढाईवर गेली, इतकी परत आली नाहीत, एवढाच मजकूर. तितक्याच निष्ठेने कुठल्या गावात विहिरीची पाटी लावलेली मला दिसलेली नाही.

भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. भाटघरच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. येसाजी याच मावळातले, भुतोंड्याचे. नाव घरी आलं, पाणी मात्र खालीच जातं. वेल्ह्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कानंदी-गुंजवणीतून नीरेला मिळतो आणि दूरची शेतं भिजवतो. त्या शेतांचा मला हेवा नाही, १८७७ मध्ये तिथलीच माणसं खडी फोडत मेली होती. पण ज्या डोंगराचं धन त्याच डोंगराला लावलं, म्हणून आपण ज्या राजाची गोष्ट चारशे वर्षं सांगतो, त्याच डोंगराच्या कुशीत उन्हाळ्यात हंडा रिकामा राहतो. आज पार्लमेंट आपलं आहे, विधानसभा आपली आहे, अंदाजपत्रकावर मत द्यायचा हक्क आपल्या माणसांना आहे. गोखल्यांना जी किल्ली मिळाली नाही ती आपल्या हातात येऊन पाऊण शतक उलटलं.

अंदाजपत्रक मांडलं जातं त्या दिवशी आपण बहुतेक जण प्राप्तिकराची मर्यादा तेवढी पाहतो. पुढच्या खेपेला उरलेली पानंही उलटावीत. जोशीमास्तरांनी बिननावाने जे केलं, ते नावानिशी करायला आता कुणाची आडकाठी नाही.