मांजराच्या शेपटीवर गाठ आली तर…

दुखणे लपविण्यात मांजराचा हात धरणारा प्राणी विरळा. त्यामुळे त्याच्या शेपटीवरील गाठ घरातल्यांच्या ध्यानात येते ती बहुधा योगायोगानेच. अंगावरून हात फिरविताना काहीतरी टणक लागते, किंवा एरवी मांडीवर येऊन बसणारे मांजर शेपटीला हात लागताच फिस्कारते. मग कुणी कर्करोगाच्या शंकेने हवालदिल होतो, तर कुणी ‘आपोआप जिरेल’ म्हणून महिनाभर वाट पाहतो. गाठ किती दिवसांत आली आणि ती दुखते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

बाहेर हिंडणाऱ्या मांजराच्या, विशेषतः नसबंदी न केलेल्या बोक्याच्या, शेपटीवर एक-दोन दिवसांत उठलेली, गरम आणि दुखरी गाठ बहुतेक वेळा गळू असते. भांडणात पळ काढणाऱ्या बोक्याला चावा बसतो तो शेपटीवर किंवा तिच्या बुडाशी. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक. त्यांची जखम वरून चटकन मिटते; मात्र तोंडातले जंतू आत कोंडले जातात आणि दोन ते पाच दिवसांत तेथे पू धरतो. मांजर मलूल होते, अन्नावरची वासना जाते, ताप चढतो. ताप माणसाच्या मापाने मोजू नये. निरोगी मांजराचे तापमानच १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते.

असे गळू घरी पिळू नये. शेपटीला मांस थोडे, कातडीखाली लगेच हाड. दाबलेला पू आत पसरून संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. पशुवैद्य गुंगीचे औषध देऊन छेद घेतात, पोकळी धुतात आणि प्रतिजैविके देतात. गळू आपणहून फुटलेच, तर पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून त्याने जखम पुसावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके मांजराला विषारी ठरतात. हळद-तेलाचा लेपही नको. मांजर तो चाटूनच काढते आणि चाटता चाटता जखम वाढविते.

खरा धोका मात्र गाठीपेक्षा घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. ‘बिचाऱ्याला दुखते आहे’ म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली जाते, आणि तेवढीही मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी वा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास जड होतो. गोळी दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न पाहता तत्क्षणी पशुवैद्याकडे न्यावे. वेळेत पोहोचल्यास ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपयोगी पडतो. आयबुप्रोफेनही तितकेच वर्ज्य.

प्रत्येक उंचवटा गळू नसतो. काही मांजरांच्या शेपटीत जन्मतःच हाडाचा पीळ असतो; तो टणक, न दुखणारा आणि निरुपद्रवी. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला तेलकट ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की काळपट, मेणचट थर व पुटकुळ्या येतात. हा प्रकार बोक्यांत अधिक. दारात सापडून वा वाहनाखाली येऊन हाड मोडले तरी सूज गाठीसारखीच भासते. शेपटी लुळी लोंबत असेल आणि मांजराला लघवी होत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजावी. शेपटी ओढली गेल्याने मूत्राशयाच्या नसांनाही इजा झालेली असू शकते.

न दुखता सावकाश वाढणाऱ्या गाठीकडे मात्र दुर्लक्ष नको. मांजरांच्या त्वचेवरील अर्बुदांत कर्करोगाचे प्रमाण कुत्र्यांपेक्षा अधिक असते. बारीक सुईने पेशी काढून तपासणे हे पहिले पाऊल; नुसते हाताने चाचपून निदान होत नाही. लस टोचलेल्या जागी आलेली गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तिचा तुकडा तपासावा, असा संकेत आहे. अशा जागी क्वचित उद्भवणारा कर्करोग पाठीवर झाल्यास तो समूळ काढणे अवघड. शेपटी मात्र कापता येते. म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी शेपटीतच लस टोचून पाहिली. शेपटी गेली तरी मांजर बहुधा काही आठवड्यांत उड्या मारू लागते, त्यामुळे शस्त्रक्रियेला घाबरून दिवस घालवू नयेत.

गाठीजवळ नाणे धरून छायाचित्र काढावे, तारीख लिहून ठेवावी. तोंडी वर्णनापेक्षा पशुवैद्याला त्याचा उपयोग अधिक. मुंबईकरांना परळचे पेटिट रुग्णालय ठाऊक आहेच. त्याचे लोकांच्या तोंडचे नाव ‘बैलघोडा’ असले तरी उपचार मांजरांवरही होतात.

नेताना मांजराला जाड टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत ठेवावे, कारण दुखऱ्या शेपटीला धक्का लागला की गरीब मांजरही चावते. चावा बसला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.