पहिला पत्ता कोणाकडून घ्यायचा?

मंडळी, मालक नसलेलं जाळं म्हणून बिटकॉइनचं फार कौतुक होतं. पण जानेवारी 2009 मध्ये हा प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हा नव्या संगणकाला इतरांचे पत्ते मिळायचे कुठून? तर आयआरसी नावाच्या जुन्या चॅटवरून! प्रोग्रॅम तिथल्या एका खोलीत जाऊन बसायचा, टोपणनावातच आपला आयपी पत्ता गुंफायचा आणि इतरांच्या टोपणनावांतून त्यांचे पत्ते वाचायचा. म्हणजे दार दुसऱ्याच्याच सर्व्हरवर. तो बंद पडला की नवा माणूस बाहेर.

पुढे 2011 च्या सुमारास डीएनएस सीड आले. काही स्वयंसेवक चालू नोडच्या याद्या ठेवतात आणि त्या सीडची नावं प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असतात. माझ्या मते यात विश्वास संपला नाही, चार जणांत वाटला गेला एवढंच. एकदा आत शिरलं की नोड एकमेकांना पत्ते सांगतात आणि जपून ठेवतात.

खरी गोम पुढेच आहे. नोड स्वतःहून आठ जणांशी जोडणी करायचा. ते आठही एकाच लबाडाचे निघाले तर? 2015 मध्ये संशोधकांनी हा 'एक्लिप्स' हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. आधी नोडच्या पत्त्यांच्या साठ्यात आपले पत्ते भरायचे, मग तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहायची. घेरलेल्या नोडला लबाड दाखवेल तेवढाच हिशेब दिसतो; तेच पैसे दुसरीकडेही खर्च झालेत, हे त्याला कळतच नाही. म्हणून 0.21 आवृत्तीपासून नोड बंद होताना दोन जुन्या सोबत्यांचे पत्ते लिहून ठेवतो आणि उठल्यावर आधी त्यांनाच गाठायला बघतो.