मर्चंट कॅटेगरी कोड आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट

मर्चंट कॅटेगरी कोड म्हणजे कार्ड किंवा क्यूआरवर पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या धंद्यानुसार दिलेला चार अंकी क्रमांक, व्यवहारात ‘एमसीसी’. किराणा व सुपरमार्केट ५४११, पेट्रोल पंप ५५४१, उपाहारगृह ५८१२, औषधांचे दुकान ५९१२, सराफी पेढी ५९४४. या क्रमांकांचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १८२४५, २००३ साली प्रसिद्ध झाले.

क्रेडिट कार्डावर पॉइंट किंवा कॅशबॅक किती द्यायचा, हे ठरवताना बँकेला ग्राहकाची पिशवी दिसत नाही. तिला कळते ती रक्कम, दुकानाचे नाव आणि हा क्रमांक.

सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या तुळजापूरला निघालेल्या कुटुंबाचा खर्च पाहा. वाटेतले पेट्रोल ५५४१ मध्ये जाते. त्यावर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत, फार तर १ टक्का अधिभार माफ करतात. लॉज ७०११, जेवण ५८१२, धार्मिक संस्थेला दिलेली रक्कम ८६६१. कवड्यांची माळ, परडी, हळदकुंकू विकणाऱ्या दुकानासाठी ५९७३ हा धार्मिक वस्तूंचा वेगळा क्रमांक आहे; पण तेच दुकान भेटवस्तूंच्या ५९४७ मध्ये किंवा ‘इतर किरकोळ’च्या ५९९९ मध्येही नोंदले जाऊ शकते.

फरक कुठे पडतो हे भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यावरून नीट कळते. खवा विकणारे दुकान दुग्धपदार्थांचे म्हणून नोंदले तर ५४५१, मिठाईचे म्हणून ५४४१, किराणा म्हणून ५४११. समजा, एखादे कार्ड किराण्यावर ५ टक्के आणि बाकी खरेदीवर १ टक्का परत देते. १,००० रुपयांच्या त्याच खव्यावर एका दुकानात ५० रुपये मिळतील, शेजारच्या दुकानात १०.

हा क्रमांक ग्राहकाची बँक देत नाही. दुकानात मशीन किंवा क्यूआर बसवणारी बँक वा कंपनी नोंदणीच्या वेळी तो ठरवते. ‘धंदा कसला?’ या रकान्यात जे लिहिले गेले, त्यावर पुढची कित्येक वर्षे ग्राहकांचे पॉइंट ठरतात. इतकी महत्त्वाची नोंद घाईत उरकली जाऊ नये. भारत क्यूआरच्या चौकटीत दडलेल्या मजकुरात ‘५२०४’ या खुणेनंतरचे चार अंक म्हणजेच हा कोड: ५२०४५४११ असेल तर दुकान किराण्याचे. यूपीआयच्या क्यूआरमध्ये ०००० असेल तर ते व्यापाऱ्याचे नव्हे, व्यक्तीचे खाते. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते, पण व्यक्तीच्या खात्यावर ते चालत नाही. कळंब किंवा उमरग्याच्या बाजारात भाजीवाल्याने स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला असेल, तर तिथे हे कार्ड नाकारले जाते ते यामुळेच.

पॉइंटांचा पैसा येतो तो मुख्यतः दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कातून, म्हणजे एमडीआरमधून. जिथे हे शुल्क कमी किंवा शून्य, तिथे बँकांचा हात आखडतो. लहान व्यापाऱ्यांकडे रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर केलेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना एमडीआर नाही. घरभाडे ६५१३, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम ६५४० आणि कर ९३११ हे वर्ग अनेक कार्डांच्या वगळलेल्या यादीत असतात. वीजबिल ४९०० आणि शाळेची फी ८२११ यांवर कुठे पॉइंट मिळतात, कुठे मर्यादा असते, कुठे काहीच मिळत नाही.

बँकेच्या मासिक विवरणपत्रात हा क्रमांक सहसा छापलेला नसतो. तो छापायला हवा, कारण त्याशिवाय ग्राहकाला हिशेब पडताळता येत नाही. तोवर मोठ्या खरेदीआधी कार्डाच्या अटींतली वगळलेल्या वर्गांची यादी वाचावी, त्या दुकानात एक लहान व्यवहार करावा आणि किती पॉइंट जमा झाले ते पाहावे. कोड चुकीचा निघाला तरी ग्राहकाला तो बदलून घेता येत नाही. तो अर्ज दुकानदारालाच, मशीन किंवा क्यूआर देणाऱ्या बँकेकडे करावा लागतो. तेव्हा धाराशिव, तुळजापूर, परंड्याच्या व्यापाऱ्यांनी आपली नोंद कोणत्या वर्गात आहे, हे एकदा विचारून घ्यावे.