रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर

कोल्हापुरी १९०८ साली जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले. तेथे संशोधनाचा मार्ग मोकळा असता, पंडित मालवीयांच्या पाचारणास मान देऊन ते १९३२ मध्ये काशी हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले. सापेक्षतावादाचे अध्ययन त्यांनी गंगातीरी रुजविले. १९४२ साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण त्यांच्यापाशी आले; प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे वैद्यांनी १९४३ मध्ये मांडलेले गणित जगन्मान्य ठरले. पुढे पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापकपद भूषवून नारळीकर १९७३ मध्ये निवृत्त झाले व १९९१ मध्ये निवर्तले.

परदेशी कीर्ती मिळविणारे पुष्कळ. परतून शिष्यपरंपरा निर्मिणारे विरळा. मुलांस परदेशी धाडताना ज्ञातिबांधवांनी हा कित्ता त्यांच्यापुढे ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.