घाटाखालचं शहर

आमच्या उंद्री गावाचा तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. पण कापूस विकायचा, लग्नाचा बस्ता बांधायचा, लेकीला चांदीची जोडवी घ्यायची, तर आमच्या माणसांची पावलं घाट उतरून खामगावकडेच वळत आली. आम्ही घाटावरचे, ते घाटाखालचे. 1905 पर्यंत खामगाव अकोला जिल्ह्यात होतं. पण गाडीवाटेला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

हे शहर कापसाने मोठं केलं. एके काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्याकडे भाव कडाडले. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, पण ती खामगावला बगल देऊन जलंबवरून गेली. म्हणून 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा 13 किलोमीटरचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून पांढऱ्या सोन्याची किंमत कळावी.

साहेबाने खामगाव पाहिलं ते रेल्वेच्या डब्यातून उतरून. माझ्या आजोबांनी पाहिलं ते बैलगाडीच्या धुरेवर बसून. ते सांगत, संध्याकाळी गाड्या जुंपायच्या, रात्री घाट उतरायचा आणि उजाडता उजाडता कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा कानावर यायचा. मग रेच्यांची घरघर, सरकीचा वास, हवेत तरंगणारी रुई. पाठीवर बोजे घेऊन धावणारे हमाल, अडत्याच्या गादीवर लाल वह्या, चहाच्या टपरीवर मारवाडी, उर्दू, वऱ्हाडी अशा सगळ्या बोली. घाटावरच्या पोराला ही जत्राच वाटायची.

पण आजोबांची नजर असायची दलालाच्या हातावर. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढायचा, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहायचा. मग रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून हत्त्याने सौदा. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा. वर तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय. हा कारभार आवरायला वऱ्हाडात 1897 मध्येच कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला होता. कायदा कागदावर लवकर आला, रुमालाखालून बोटं निघायला फार काळ गेला.

बाबांच्या वाट्याला दुसरं खामगाव आलं. 1972 पासून राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. दलाल गेला, रांग आली. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लांबच लांब. बैल सोडून कडबा टाकायचा, गाडीखाली गोधडी अंथरायची, भाकर आणि ठेचा संपला की शेजारच्या गाडीवानाची शिदोरी वाटून खायची. कुडकुडत्या रात्री त्या रांगेत सोयरिकी जुळल्या, बैलांचे सौदे झाले, पिकांच्या वाणांची माहिती गावोगाव गेली. बाबांना शहरातल्या इमारती फारशा आठवत नसत. रांगेतल्या माणसांची गावं मात्र तोंडपाठ असत.

आता आमच्या शिवारात सोयाबीन आलं, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि पिकअप आले. जलंबचा फाटा अजून आहे. पण चिखलीवरून जाणाऱ्या खामगाव–जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून मागणीच राहिली आहे.

खामगावातून किती गाठी गेल्या, त्याचे आकडे सरकारी दप्तरात मिळतात. त्या गाठींतला कापूस ज्या बायांनी वेचला आणि ज्या गाडीवानांनी रात्री घाटाखाली उतरवला, त्यांची नावं तिथे नाहीत. साहेब, अडते आणि जिनवाले यांच्याइतकंच हे शहर उंद्री आणि तिच्यासारख्या घाटावरच्या शेकडो गावांनी उभं केलं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या घरात खामगावच्या रांगेत रात्र काढलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि तारीख-वारासकट लिहून ठेवा. आपला इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.